‘तुमचं तारण झालंय का?’ नजात, निर्णय आणि धर्मप्रचार: ख्रिस्ती मंडळी आपापसात काय मानतात

रेल्वे स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर, कधी थेट दारात एखादी व्यक्ती हातात छोटी पत्रिका देते आणि नम्रपणे विचारते, “तुमचं तारण झालंय का?” किंवा “आज रात्री मरण आलं तर कुठे जाल, याची खात्री आहे का?” आपल्या घरांत यावर कुणी चिडतं, कुणी पत्रिका घडी करून बाजूला ठेवतं, कुणी वाद घालायला बसतं. तिघांचाही समज मात्र एकच असतो, की सगळे ख्रिस्ती असंच मानतात आणि सगळ्यांना हेच विचारायचं असतं. प्रत्यक्षात वसईतल्या एखाद्या कॅथलिक आजीला हा प्रश्न केला तर तीही आपल्याइतकीच गोंधळेल. तिच्या लेखी तारण ही ‘झालंय का’ असं विचारायची गोष्टच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी. एवढ्याशा समाजात कॅथलिक आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे लोक आहेत, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल, सॅल्व्हेशन आर्मी असे कितीतरी गट आहेत. नजात कशी मिळते, ती कोण ठरवतं आणि दुसऱ्याला तिची दावत कशी द्यायची, या तीन प्रश्नांवर त्यांच्यात शेकडो वर्षांचे मतभेद आहेत. शेजारी, शिक्षक, नर्स, सहकारी म्हणून या मंडळींशी आपला रोजचा संबंध येतो. कोण काय मानतो हे ठाऊक नसलं की एकाच्या बोलण्याचा राग दुसऱ्यावर निघतो. मिशनच्या शाळेत पंचवीस वर्षं मुलं शिकवणाऱ्या सिस्टरवर संशय घेतला जातो आणि पत्रिका वाटणारा भलताच कुणी असतो.

आधी शब्दाबद्दल. ‘तारण’ म्हटलं की आपल्याला बँकेची पाटी आठवते, सोनेतारण कर्ज वगैरे. मराठी ख्रिस्ती भाषेत मात्र तारण म्हणजे पापातून आणि त्याच्या शिक्षेतून सुटका. उर्दू बोलणारे ख्रिस्ती त्यालाच ‘नजात’ म्हणतात, म्हणजे शब्द आपल्याच ओळखीचा. धर्मप्रचाराला ते ‘सुवार्ता सांगणं’ किंवा ‘शुभवर्तमान सांगणं’ म्हणतात.

बहुतेक सगळ्या ख्रिस्ती पंथांत समान काय? माणूस गुनाहगार आहे, स्वतःच्या बळावर तो सुटू शकत नाही, येशू ख्रिस्तांनी क्रूसावर प्राण दिले, ते पुन्हा उठले आणि त्यातून सुटकेची वाट खुली झाली. आपला अकीदा इथेच वेगळा होतो. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना क्रूसावर मारलं गेलं ही गोष्ट कुरआन सूरह निसामध्ये नाकारतो आणि एकाच्या गुनाहाचं ओझं दुसरा वाहत नाही असंही स्पष्ट करतो. हा फरक वाचकांना माहीत आहे. इथे विषय त्यांच्या आपापसातल्या मतभेदांचा आहे.

बाळाचा बाप्तिस्मा की मोठ्या माणसाचा?

कॅथलिक घरात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याचा बाप्तिस्मा होतो. ते बाळ कसलाही निर्णय घेत नाही. त्याच्या वतीने आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता वचन देतात. बाप्तिस्म्याने आदिपाप धुतलं जातं आणि देवाची कृपा त्या जिवात येते, अशी श्रद्धा आहे. पुढे आयुष्यभर मिस्सा, पापकबुली, प्रार्थना, सत्कर्म यांच्या आधाराने ती कृपा टिकवायची असते. मोठं पाप केलं तर ती गमावते, फादरकडे कबुली दिली आणि मनापासून पश्चात्ताप केला तर परत मिळते. मरताना माणूस कृपेत असेल तर त्याची सुटका, गरज असल्यास शुद्ध होण्याच्या एका अवस्थेतून जाऊन. म्हणूनच “माझं तारण झालंय” असं छातीठोक बोलणं कॅथलिक कानाला अहंकाराचं वाटतं. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली ठरवूनच टाकलं, की देवाने खास कळवल्याशिवाय कुणालाही आपल्या अंतिम सुटकेची पक्की खात्री असू शकत नाही. आपल्याकडे खौफ आणि उम्मीद यांच्यामध्ये राहायला सांगतात, त्याची आठवण यावी असंच हे आहे.

केरळमधल्या सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळींसह पूर्वेकडच्या चर्चचं उत्तर आणखी वेगळं. तारण म्हणजे न्यायालयात सुटणं, यापेक्षा आजारातून बरं होणं, हळूहळू देवाच्या जवळ जाणं, असं ते मांडतात. तुमचं तारण झालं का, असं विचारलं तर त्यांच्याकडून ठरलेलं उत्तर येतं: झालं, होतंय आणि होईल अशी आशा आहे.

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग इथे जो वाद सुरू केला त्याच्या मुळाशी हीच बेचैनी होती. स्वतः संन्यासी असलेल्या ल्यूथरला कितीही उपास-तपास करून आपण देवाला पुरे पडतो असं वाटेना. त्यात पापाची शिक्षा कमी करून देणारी प्रमाणपत्रं चर्चकडून पैशाने विकली जात होती. पौलाची पत्रं वाचून ल्यूथरने निष्कर्ष काढला, की माणूस फक्त कृपेने आणि फक्त विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही. सत्कर्मं नंतर येतात, झाडाला फळ यावं तशी. कॅथलिक बाजूने याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवलं, कारण तिथे कर्माशिवाय विश्वास मेलेला आहे असा मुद्दा आहे. या वादापायी युरोपात युद्धं झाली. तब्बल ४८२ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघटनेने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की या मुद्द्यावरचा गाभा आम्हा दोघांना मान्य आहे. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड चर्चेसही त्यात आल्या. आपल्यातल्या मसलकी वादांना कंटाळलेल्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट नेहमी चुकते. ल्यूथर प्रोटेस्टंट, म्हणून तो व्यक्तिगत निर्णयाचा पुरस्कर्ता, असं समजलं जातं. ल्यूथरने बाळांचा बाप्तिस्मा कायम ठेवला. त्याला विरोध केला स्वित्झर्लंडमधल्या एका लहान गटाने. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला त्यांनी मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, कारण ज्याला समजतच नाही त्याचा विश्वास कसला, हा त्यांचा सवाल होता. दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिकच्याच नदीत बुडवून मारण्यात आलं. मारणारे कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट होते. स्वतः निर्णय घेऊन ख्रिस्ती होण्याच्या कल्पनेची किंमत आधी ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती लोकांकडून मोजली आहे.

निवड कोणाची, देवाची की माणसाची?

पुढचा प्रश्न आपल्याकडच्या तकदीर आणि इख्तियारच्या चर्चेसारखा आहे. जबरिया आणि कदरिया हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत त्यांना तो चटकन कळेल. जॉन कॅल्व्हिन (१५०९ ते १५६४) याच्या मांडणीनुसार पापाने माणसाची इच्छाच बिघडलेली आहे, त्यामुळे तो आपणहून देवाकडे वळूच शकत नाही. कुणाला वळवायचं हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवलं आहे. ज्याला देवाने निवडलं त्याच्या मनात विश्वास निर्माण होतो. म्हणजे विश्वास हा निवडीचा परिणाम आहे, कारण नाही. हे मत कॅल्व्हिनने नव्याने काढलं असंही नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीनने पेलागियसच्या विरोधात बरंच काही असंच लिहिलं होतं.

हॉलंडमध्ये याकोबस आर्मिनियस या प्राध्यापकाला हे पटेना. देव सर्वांचं भलं इच्छितो असं बायबल सांगतं, मग काहींना वगळून तो निवड कशी करेल? आर्मिनियसचं म्हणणं होतं की देव आधी कृपा देऊन माणसाला उत्तर देण्याजोगा करतो, पण हो किंवा नाही म्हणणं माणसाच्या हातात राहतं. तो १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. १६१८-१९ मध्ये डॉर्ट शहरात भरलेल्या सभेने ते फेटाळलं आणि निवेदनवाल्या पाळकांना पदावरून काढलं.

वाद तिथे संपला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघे जिवलग सहकारी उघड्यावर हजारोंसमोर प्रवचनं करत. वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा, व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या. १७३९ मध्ये वेस्लीने पूर्वनिवडीविरुद्ध प्रवचन छापलं आणि मैत्रीत दरी पडली. गंमत म्हणजे दोघांचाही धर्मप्रचार सारख्याच जोमाने चालू राहिला. देवाने आधीच निवडलं असेल तर प्रचार कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येतो. कॅल्व्हिनवादी उत्तर असं, की निवड देवाची, पण निवडलेल्यांपर्यंत पोचण्याचं साधनही त्यानेच नेमलं आहे, ते म्हणजे प्रवचन. आजही अनेक प्रेस्बिटेरियन आणि काही बॅप्टिस्ट या मताचे आहेत. मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल वेस्लीच्या बाजूचे, आणि त्यांच्या मते एकदा मिळालेलं तारण हलगर्जीपणाने गमावताही येतं. उलट अनेक बॅप्टिस्ट सांगतात, एकदा झालं ते कायमचं झालं. त्यामुळे दोन पास्टर एकाच गल्लीत राहतात आणि याच प्रश्नाची दोन उत्तरं देतात.

‘आजच निर्णय घ्या’ हे आलं कुठून?

सभेत पुढे बोलावणं, हात वर करायला लावणं, ठरावीक प्रार्थना म्हणायला सांगणं आणि मग “आज तुमचं तारण झालं” असं जाहीर करणं, ही पद्धत बायबलइतकी जुनी नाही. ती मुख्यतः गेल्या दोनशे वर्षांतली आणि बरीचशी अमेरिकन आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ‘नव्या जन्मा’चा आधार तिला दिला जातो, पण त्याच उताऱ्याचा अर्थ कॅथलिक लोक बाप्तिस्मा असा लावतात.

चार्ल्स फिनी नावाच्या वकिलाने वकिली सोडून प्रवचनं सुरू केली. १८३०-३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात त्याच्या सभा गाजल्या. ज्यांच्या मनात चलबिचल झाली त्यांच्यासाठी तो समोर वेगळं बाक ठेवायचा. ते लोक सगळ्यांदेखत उठून तिथे येऊन बसायचे. धर्मजागृती हा चमत्कार नाही, योग्य उपाय केले की ती घडते, असं फिनीने १८३५ च्या व्याख्यानांत मांडलं. जॉन नेव्हिन या धर्मपंडिताने १८४३ मध्ये त्या बाकावरच टीकेचं पुस्तक लिहिलं. त्याचा रोख असा, की क्षणिक भावना आणि खरा विश्वास यांची गल्लत होते आहे आणि मुलांना घरात व चर्चमध्ये सावकाश वाढवण्याचं काम मागे पडतं आहे.

विसाव्या शतकात ही पद्धत जगभर नेली बिली ग्रॅहम (१९१८ ते २०१८) यांनी. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसला तंबूतल्या सभांनी त्यांचं नाव झालं. १९५६ मध्ये ते भारतातही येऊन गेले. त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या आणि मासिकाच्या नावांतही ‘निर्णय’ हा शब्द होता. स्टेडियममध्ये शेवटी संथ गाणं सुरू व्हायचं, लोक पायऱ्या उतरून पुढे यायचे, स्वयंसेवक त्यांची नावं कार्डावर लिहून घ्यायचे आणि पत्ता जवळच्या चर्चला कळवायचे. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: ग्रॅहम यांची संस्था पुढे आलेल्यांना ‘ख्रिस्ती झालेले’ म्हणत नसे, ‘चौकशी करणारे’ म्हणत असे. हे भान त्यांची नक्कल करणाऱ्या सगळ्यांनी ठेवलं असं म्हणता येत नाही. आकडे मिरवायचे असले की भान पहिलं सुटतं, हे कुठल्याही धर्माच्या प्रचारकाला लागू आहे.

इव्हँजेलिकल मंडळींतच यावर जोरात वाद झाले. १९८८ मध्ये जॉन मॅकआर्थर या अमेरिकन पास्टरने पुस्तक लिहून विचारलं, की तोंडाने येशूला तारणारा म्हटलं पण जगण्यात त्याचा हुकूम मानला नाही, तर ते तारण कसलं? दुसऱ्या बाजूने झेन हॉजेस यांचं म्हणणं, की आज्ञापालनाची अट घातली तर कृपा फुकट कुठे राहिली? २०१२ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेत ‘पाप्याची प्रार्थना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार ओळी म्हणून घेणं योग्य का, यावर चर्चा पेटली. डेव्हिड प्लॅट या तरुण पास्टरने त्या सवयीवर टीका केली होती. शेवटी न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात ठराव झाला: अशी प्रार्थना चालेल, पण ती मंत्रासारखी वापरू नका. मराठी पत्रिकांच्या शेवटच्या पानावर जी प्रार्थना छापलेली असते आणि खाली तारीख लिहायला जागा असते, ती याच परंपरेतली. त्या रेघेवर सही केल्याने कुणी धर्म बदलला, असं बहुतेक चर्चेसही मानत नाहीत, कारण त्यांच्याकडे सदस्य होण्यासाठी बाप्तिस्मा लागतो.

१८८३ की १८९१?

हा वाद आपल्या मातीत किती खोल गेला हे पाहायचं तर पंडिता रमाबाईंकडे यावं. विधवा झालेल्या रमाबाई १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे अँग्लिकन सिस्टरांच्या आश्रमात त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्या-मुंबईत खळबळ उडाली. पण त्या सिस्टरांनाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. अमुक सिद्धांत पटत नाही, तमुक गोष्ट बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, अशी पत्रं त्या सिस्टर जेराल्डिनना लिहीत राहिल्या. चर्चचं म्हणणं मुकाट्याने स्वीकार, असा सिस्टरांचा आग्रह होता. दुसऱ्याच्या अधिकारावर विश्वास ठेवायला रमाबाई तयार नव्हत्या.

पुढे भारतात परतल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या अँग्लिकन धर्मगुरूचं आत्मचरित्र पडलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं पाद्री होता आणि स्वतःचंच प्रवचन देताना त्याला वाटलं, आपलं तारण अजून झालेलंच नाही. रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत सांगितलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे रमाबाई ख्रिस्ती कधी झाल्या? कॅथलिक आणि जुन्या वळणाचे अँग्लिकन म्हणतील १८८३. इव्हँजेलिकल म्हणतील १८९१. रमाबाईंचं स्वतःचं उत्तर दुसरं होतं. त्यानंतर १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनासभांत जी लाट उसळली, तिची नोंद जगभरचे पेंटेकोस्टल आपल्या इतिहासात घेतात.

धर्मप्रचाराचा प्रश्नही रमाबाईंच्याच बाबतीत उभा राहिला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला हलवलं. तिथे कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, काही मुली येऊन बसत. त्यातून काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. उघडं दार ही दावत होती की नुसती इबादत, यावर दोन्ही बाजू शेवटपर्यंत आपापल्या जागी राहिल्या. निराधार मुलींच्या संस्थेत असा प्रश्न जास्त नाजूक होतो, हे मात्र रानड्यांचं म्हणणं मला वजनदार वाटतं.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट रेल्वेच्या डब्यातली. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र आणखी पाच वर्षं लागली आणि ती वर्षं त्या घराने कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. ज्यांच्या घरात एकाने धर्माबाबत वेगळा निर्णय घेतला आहे, अशा कुणीही ते पुस्तक जरूर वाचावं. शेवटी १९१७ मध्ये टिळक मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनरी मंडळींना हे पचवणं सोपं नव्हतं.

आमच्यासारख्यांचं काय?

चर्चबाहेर नजात नाही, हे वाक्य कॅथलिक चर्चने शतकानुशतकं शिकवलं. बोस्टनचे फादर लिओनार्ड फीनी ते शब्दशः धरून बसले आणि कॅथलिक नसलेल्या कुणाचीच सुटका नाही असा प्रचार करू लागले. रोमने बोलावूनही ते गेले नाहीत आणि १९५३ मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं गेलं. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीच्या दस्तऐवजात म्हटलं, की निर्मात्याला मानणारेही देवाच्या तारणयोजनेत येतात, आणि त्यांत पहिलं नाव मुसलमानांचं घेतलं. १९६५ च्या दुसऱ्या दस्तऐवजात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला. याचा अर्थ सगळे धर्म सारखे असा चर्च घेत नाही. २००० साली रोमने ते पुन्हा बजावलंही. जो कुणी सुटेल तो येशूमुळेच सुटेल, त्याला ते ठाऊक असो वा नसो, अशी ती भूमिका आहे. उलट बहुतेक इव्हँजेलिकल मानतात की जिवंतपणी, जाणतेपणी येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय सुटका नाही. पत्रिका देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी घाई दिसते ती इथून येते. त्याला खरोखर वाटतं की समोरचा माणूस बुडतो आहे. ते चुकीचं वाटलं तरी, त्यामागे पैसाच असेल असं गृहीत धरण्याआधी हे ठाऊक असावं.

आपल्याकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने यातून व्यवहारी वाट काढली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन अशा सहा परंपरा एकत्र आल्या आणि बाळाचा बाप्तिस्मा व मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतील असं ठरलं. चार शतकांपूर्वी ज्यावरून माणसं बुडवली गेली ते एका छताखाली आलं. सॅल्व्हेशन आर्मी, जी १८८२ मध्ये मुंबईत आली आणि अहमदनगर भागात जिचं इस्पितळ प्रसिद्ध आहे, ती तर बाप्तिस्मा देतच नाही.

प्रचाराची हद्द

जा आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करा, या अर्थाची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. ती फक्त पहिल्या शिष्यांसाठी होती असं मानणारे अठराव्या शतकात प्रोटेस्टंटांत बरेच होते. विल्यम कॅरी या चांभारकाम करणाऱ्या बॅप्टिस्टाने १७९२ मध्ये त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि पुढच्या वर्षी तो बंगालला आला. मराठीचं छापील व्याकरण त्याने १८०५ मध्ये सेरामपूरहून काढलं, ते या प्रचाराच्या ओढीतूनच.

आज कॅथलिक चर्च सुवार्ता सांगणं आणि माणसं ओढून आणणं यांत फरक करतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं, चर्च वाढतं ते आकर्षणाने. २८ जून २०११ रोजी व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून आचारसंहिता प्रसिद्ध केली. साक्ष देणं हा हक्क मानून तिने आमिष, फसवणूक आणि लोकांच्या गरिबीचा फायदा घेणं यांचा निषेध केला आहे. धर्म बदलू पाहणाऱ्याला विचार करायला पुरेसा वेळ द्या, असंही त्यात आहे. कुणी इस्पितळाच्या बिलाच्या बदल्यात प्रार्थनासभेला यायची अट घालत असेल तर तो त्याच्या स्वतःच्या मंडळींचाही नियम मोडतो, हे त्याला सांगता येतं.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क सर्वांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९७७ रोजी स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं, की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. हा निकाल एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या प्रकरणातला असला तरी त्याची व्याख्या दावतचं काम करणाऱ्यांनाही तेवढीच लागू आहे. म्हणून शेजारच्या प्रार्थनासभेबद्दल ऐकीव माहितीवर तक्रारीत सही मागायला कुणी आलं तर आधी दोनदा विचारावं, तिथे नेमकं काय घडलं आणि कुणी पाहिलं.

ओळखायला काही खुणा सांगता येतात. पत्रिकेऐवजी रंगीत नियतकालिक घेऊन जोडीने दारात येणारे बहुधा यहोवाचे साक्षीदार असतात. ते त्रैक्य मानत नाहीत, म्हणून इतर चर्चेस त्यांना आपल्यात धरत नाहीत. राष्ट्रगीत न म्हणता नुसतं उभं राहणाऱ्या केरळच्या मुलांना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावलं, ती याच पंथातली. आजाऱ्यासाठी मोठ्याने, हात ठेवून प्रार्थना करणारे बहुतेक पेंटेकोस्टल किंवा त्या वळणाचे. नको असेल तर “आमच्यासाठी आम्ही दुआ करतो, तुम्ही तुमच्या मनात करा” एवढं म्हटलं की बहुतेक जण थांबतात. नाताळात दारावर गाणी म्हणत येणारी पोरं कॅथलिक किंवा सीएनआयची असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यांना तारणापेक्षा करंज्यांत जास्त रस असतो.